कोपराच्या खळीत

डॉक्टरीणबाई तिच्या हातावर बॉलपेननं आकडे घालतात,
एक ते बारा, दोन रांगांत.
प्रत्येक आकड्याशेजारी एक थेंब,
थेंबातून सुईचं टोक, अलगद.
आठवडाभर गोळी बंद ठेवलीय या दुपारसाठी.
"पंधरा मिनिटं खाजवायचं नाही हं, मृण्मयी."
ती हसते.
हे वाक्य तिनं बोलायला शिकायच्या आधीपासून ऐकलंय.

हाच हात.
सहा महिन्यांची होती तेव्हा याच कोपराच्या खळीत
भाजल्या पापडासारखी कातडी फुगायची, सुटायची.
रात्री तिच्या मुठींवर आम्ही मोजे चढवायचो,
सकाळी एक मोजा हमखास पलंगाखाली
आणि चादरीवर तांबूस ठिपके.
कन्नमवार नगरात ज्याच्या त्याच्याकडे औषध होतं:
कडुलिंब, खोबरेल, शंभर वेळा धुतलेलं तूप.
वरच्या काणेकरकाकू म्हणाल्या, उष्णता आहे, बाहेर पडू दे,
मलमानं दाबाल तर आत जाईल.

चौथ्या वर्षी कातडी निवळली.
पेढे तेवढे वाटायचे राहिले.
सातव्या वर्षी शिंका. उठल्या उठल्या, मोजून अठरा, वीस.
तळहातानं नाक वर पुसून पुसून
नाकावर एक आडवी रेघ पडली, ती गेली नाही.
आणि यंदा दिवाळी सरल्यावर एका रात्री
तिच्या छातीत मांजराचं पिल्लू बोलायला लागलं.

काकू जिन्यात भेटल्या. "म्हटलं नव्हतं, आत गेलं?"

दाबल्यानं नाही, बाई म्हणतात.
कातडी म्हणजे भिंत. हिची पहिल्यापासून भेगाळलेली.
घरातली धूळ, गादीतले न दिसणारे किडे, झुरळांची भुकटी,
हे सगळं आधी त्या भेगांतून आत शिरलं असणार,
आणि अंगानं तेव्हाच त्याचं नाव शत्रूंच्या वहीत लिहिलं.
पुढं तेच हवेतून नाकाशी आलं
तेव्हा ओळख जुनी होती.
सगळ्यांचं असं होत नाही. पुष्कळ मुलं कातडीवरच थांबतात.
हिचं पुढं चाललं.

भिंतीतल्या भेगा मला कळतात.
मी इमारती पाडतो. म्हणजे मशीन पाडतं,
मी पिवळं हेल्मेट घालून पाणी कुठं मारायचं ते सांगतो.
साठ वर्षांचे चार मजले दोन दिवसांत खाली बसतात,
धूळ मात्र बसत नाही.
ती माझ्या भुवयांत, शर्टाच्या घड्यांत घरी येते.
दार उघडलं की मिनू पोटाशी तोंड खुपसायची,
"बाबा, आज कुठली बिल्डिंग?"
वासावरून ओळखायला बघायची.
मृण्मयी म्हणजे मातीची.
नाव मीच सुचवलेलं.

"घरात आणखी कुणाला?" बाईंचं पेन थांबलेलं.
नाही, मी म्हणतो.
आणि पंधरातली उरलेली नऊ मिनिटं
गुडघ्यांमागचे ओरखडे आठवत बसतो.
भांडुपची शाळा, खाकी हाफ पँट,
मागच्या बाकावरून येणारं "ए खरजुल्या",
पीटीच्या तासाला माझं नेमकं दुखणारं पोट.
कधी थांबलं, आठवत नाही.
त्याला नाव कुणी दिलंच नाही,
आणि नाव नसलेलं माणूस नाहीच म्हणून सांगतो.

पाच नंबर फुगतो. मग आठ. मग दोन.
हातावर गांधी उठतात, कडेनं लाल.
बाई पट्टी लावून मोजतात: सहा मिलिमीटर, पाच, सात.
मिनू ओठ चावते. खाजवत नाही.

"बाई, लिहा," मी म्हणतो, "मला होतं."
त्या वर न बघता लिहितात: वडील, होय.
मिनू मात्र बघते.
"कुठं?"
भर दवाखान्यात मी पँट वर दुमडतो, पाय वळवतो.
तिथं आता काहीसुद्धा नाही, केस आहेत.
ती तरी वाकते, नीट बघते,
आणि मोकळ्या हाताच्या एका बोटानं
तिथं हळूच खाजवते.